शंभर गुणांचा उमेदवार

निवडणूक जाहीर झाली की आमच्या मोहल्ल्यातल्या चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येते. "किसकू देना? सब एकीच थैली के चट्टे-बट्टे हैं." हे वाक्य बोलणारा माणूस अडाणी नसतो. तो पदवीधर असतो, दुकानदार असतो, कधी कधी आमच्यासारखा मास्तरही असतो. बोलून झाले की तो चहाचा शेवटचा घोट घेतो आणि फार मोठे सत्य सांगितल्याच्या समाधानात घरी जातो. मतदानाच्या दिवशी तो उशिरा उठतो, सुट्टी म्हणून बायकोला बिर्याणी करायला सांगतो आणि निकालाच्या दिवशी सगळ्यांत मोठ्या आवाजात तोच ओरडतो, "देखा? मैं बोला था ना!"

आमचे म्हणणे असे आहे की हे वाक्य सत्य नाही, ती पळवाट आहे. या पळवाटेची किंमत ती काढणाऱ्याला फारशी मोजावी लागत नाही. ती मोजतात मोहल्ल्यातल्या विधवा, तुंबलेल्या गटारीशेजारी राहणारी कुटुंबे आणि गळक्या वर्गात बसणारी मुले.

आम्ही शिक्षक आहोत, म्हणून शाळेचेच उदाहरण देतो. दहावीला ३५ गुणांवर मूल पास होते. एकाला ३४ मिळाले आणि दुसऱ्याला १२, तर दोघेही नापास. पण दोघेही सारखेच, असे कोणताही शिक्षक म्हणत नाही. ३४ वाल्याकडून काय करून घ्यायचे आणि १२ वाल्याकडून काय, हे वेगवेगळे असते. वर्गात कोणालाच शंभर मिळाले नाहीत म्हणून उत्तरपत्रिका न तपासता गठ्ठा परत बांधून ठेवणारा मास्तर कोणी पाहिला आहे काय? मग उमेदवारांच्या बाबतीत आपण नेमके हेच का करतो? स्वतःच्या मुलाला ३५ वर पास करून घेताना आपण शाळेच्या पायऱ्या झिजवतो, आणि उमेदवार मात्र आपल्याला शंभर गुणांचाच हवा असतो!

असा उमेदवार कधीही उभा राहणार नाही, हे आपल्याला पक्के ठाऊक असते. म्हणूनच ही अट इतकी सोयीची आहे.

मत ही फुकट मिळालेली गोष्ट असल्यामुळे तिची किंमत आपल्याला कळत नाही. थोडे मागे जाऊन पाहू. १९४६ साली प्रांतिक निवडणुका झाल्या तेव्हा मतदारसंघ धर्मावर वेगळे होते आणि मताचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींनी बांधलेला होता. विणकर, हमाल, मच्छीमार, शेतमजूर अशा आपल्या बहुसंख्य आजोबा-पणजोबांना त्या निवडणुकीत मतच नव्हते. तरीही त्या निवडणुकीचा कौल 'मुसलमानांचा कौल' म्हणून मांडला गेला आणि त्याच्या जोरावर देशाची फाळणी पुढे सरकली. ज्यांनी तो कौल दिला नव्हता त्यांची नातवंडे आजतागायत त्याचे टोमणे ऐकत आहेत. आपण गैरहजर असताना आपल्या नावाने कोणी दुसरा बोलून जातो तेव्हा काय होते, हे आपल्याइतके कोणाला माहीत असावे?

पुढे संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने मालमत्तेची आणि शिक्षणाची अट काढून टाकली. संविधान सभेत बेगम एजाज रसूल यांनी वेगळ्या मतदारसंघांना ठाम विरोध केला. मुसलमानांनी इतरांबरोबर एकाच रांगेत उभे राहावे, यातच त्यांचे हित आहे अशी त्यांची भूमिका होती. ती रांग आपल्यासाठी फार भांडून मिळवलेली आहे. आज त्या रांगेत उभे राहायला आपल्याला ऊन लागते.

आता मतदान केंद्राच्या आतली गोष्ट सांगतो. निवडणुकीच्या कामाला आम्हा शिक्षकांनाच नेमले जाते. आदल्या दिवशी यंत्र घेऊन केंद्रावर जायचे, पहाटे उठून उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर चाचणी मतदान घ्यायचे, मग दिवसभर डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावत बसायचे. तिथे बसून एक गोष्ट आमच्या लक्षात आली. कोणी कोणाला मत दिले हे गुप्त असते. पण कोण आले आणि कोण आले नाही, हे गुप्त नसते. प्रतिनिधी यादीवर खुणा करत असतात. निकालानंतर नमुना २० मध्ये प्रत्येक केंद्रावरचे आकडे प्रसिद्ध होतात. कोणत्या गल्लीच्या केंद्रावर किती मते पडली, हे पुढची पाच वर्षे प्रत्येक पक्षाच्या कार्यालयात कागदावर असते.

म्हणजे मोहल्ल्याचीही हजेरी लागते. ज्या केंद्रावर सत्तर टक्के मतदान होते त्या गल्लीत हरलेला उमेदवारही येतो, कारण पुढच्या वेळी ती मते त्याला हवी असतात. ज्या केंद्रावर तीस टक्केच होते त्या गल्लीत निवडून आलेलाही फिरकत नाही. त्याने कशाला यावे? तुमच्या रागाला तो घाबरत नाही, कारण तुमचा राग टपरीवरून उठून यंत्रापर्यंत येत नाही, हे त्याने आकड्यांत वाचलेले असते. वर्गात सतत गैरहजर राहणाऱ्या मुलाचे नाव शिक्षकही हळूहळू विसरतो. आमदार-नगरसेवक तर शिक्षकापेक्षा खूपच लवकर विसरतात.

"माझ्या एका मताने काय होते?" हा दुसरा सवाल. २००८ साली राजस्थानातल्या नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी एका मताने हरले. फार लांब जायला नको. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला आणि त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी. मालेगावात दोन लाखांहून अधिक मते मोजून झाल्यावर फरक राहिला तो एका मोठ्या लग्नाच्या दोन पंगतींइतका. तिथे कोण जिंकायला हवे होते, हे आम्ही सांगत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की त्या दिवशी घरी बसलेल्या एका गल्लीने तो निकाल ठरवला, आणि आपण तो ठरवला हे त्या गल्लीला आजही माहीत नसेल.

काही तरुण म्हणतात, "आम्ही 'नोटा' दाबू." सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालामुळे ही सोय मिळाली. घरी लोळण्यापेक्षा ते शंभर पटीने बरे, कारण निदान हजेरी तरी लागते. पण त्याची मर्यादा समजून घ्या. २०१९ साली लातूर ग्रामीणमध्ये 'नोटा'ला सत्तावीस हजारांहून अधिक मते पडली आणि तो चक्क दुसऱ्या क्रमांकावर आला. निकालात फरक काय पडला? काहीच नाही. विधानसभेत आणि लोकसभेत 'नोटा'ला सर्वाधिक मते पडली तरी उमेदवारांमध्ये जो पहिला तोच निवडून येतो. 'नोटा' म्हणजे नाराजीची नोंद; निवड तरीही दुसऱ्यांवरच सोपवलेली असते.

मग विचारले जाते, मत देऊन तरी आपल्याला काय मिळाले? प्रश्न रास्त आहे. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. महाराष्ट्रात महमूदुर्रहमान समितीचा अहवाल २०१३ साली आला. जुलै २०१४ मध्ये, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, मुसलमानांतल्या मागास गटांसाठी पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातले आरक्षण त्या वेळी चालू राहू दिले. तोवर सरकार बदलले होते. नव्या सरकारने अध्यादेशाचा कायदा केला नाही आणि डिसेंबर २०१४ मध्ये तो संपला. २०१९ मध्ये पुन्हा सरकार बदलले, तरीही कायदा झाला नाही.

यात कोणाला शंभर गुण द्यायचे? शेवटच्या घटकेला अध्यादेश काढणाऱ्यांना नाही, तो मरू देणाऱ्यांना नाही आणि नंतर येऊन गप्प बसलेल्यांना तर नाहीच. पण या कहाणीतून "मत देण्यात अर्थ नाही" असा धडा जे काढतात त्यांनी ती उलटी वाचली आहे. न्यायालयाने शिक्षणापुरते जे दार उघडे ठेवले होते, ते उघडे ठेवण्याचे काम फक्त विधानसभाच करू शकत होती. जलशात कायदा होत नाही, मोर्चात होत नाही, टपरीवर तर नाहीच नाही. जे काम एकाच ठिकाणी होते त्या ठिकाणी कोण बसणार, हे ठरवण्याच्या दिवशी आपण सुट्टी घ्यावी काय?

अपूर्ण माणसांकडूनच कामे करून घ्यावी लागतात, याचा दाखला आपल्याच घरात आहे. रायगडचे बॅ. अंतुले १९८० साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. सिमेंट प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेल्यावर जानेवारी १९८२ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले. शंभर गुणांचे ते नक्कीच नव्हते. पण संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाली आणि ज्यांचे कोणी नाही अशा कितीतरी बायाबापड्यांची चूल, मग ती हिंदूंची असो की मुसलमानांची, त्या पैशांवर पेटली. चुकीचा जाब न्यायालयाने विचारला आणि चांगले काम लोकांकडे राहिले. लोकशाही चालते ती अशी. फरिश्ते शोधून ती चालत नाही.

आणि निवडून आलेला कोणीच नसला तर काय होते, तेही आपण पाहिले. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकाचाच कारभार राहिला. राज्यातल्या अनेक पालिकांची तीच गत होती. ज्या नगरसेवकाला आपण चोर म्हणत होतो तो गेला, आणि नळाला पाणी नाही म्हणून भांडायलाही कोणी उरले नाही. चोराची गच्ची तरी धरता येत होती. प्रशासकाला पुढच्या निवडणुकीची भीती घालता येत नाही.

आता आपल्यातल्याच काही धार्मिक मंडळींविषयी. मत देणे हे दुनियादारीचे, घाणीचे काम आहे, त्यापासून दूर राहण्यातच परहेजगारी आहे, असे ते सांगतात. आम्ही आलिम नाही. पण मत ही एक शहादत, म्हणजे साक्ष आहे, असे मोठमोठ्या उलेमांनी सांगितलेले आहे. आणि साक्ष लपवू नका, लपवणाऱ्याचे मन गुन्हेगार असते, ही ताकीद खुद्द कुरआनच्या सूरह अल-बकरात आहे. दोन हानींपैकी एक टळत नसेल तर कमी हानीची निवडावी, हा फिक्हचा जुना नियम आहे. आणि हजरत युसूफ अलैहिस्सलाम यांनी मिसरच्या बादशहाचा दरबार आदर्श होण्याची वाट पाहिली नाही. दुष्काळ समोर दिसत होता, म्हणून कोठारांची जबाबदारी त्यांनी स्वतः मागून घेतली. जे नबींनी टाळले नाही ते टाळून आपण कोणती परहेजगारी दाखवणार?

मात्र मत द्या म्हणजे कसेही द्या, असे आम्ही म्हणत नाही. साक्ष विकता येत नाही. आदल्या रात्री पाकीट घेणाऱ्याने पाच वर्षांचा हक्क पाचशे रुपयांत उरकलेला असतो. सकाळी उमेदवाराला चोर म्हणण्याचा त्याला अधिकार नाही. उमेदवार 'अपना आदमी' आहे एवढेही पुरेसे नाही. नाव आपल्यातले आणि काम कोणाचेच नाही, असेही प्रतिनिधी आपण पाहिले आहेत. प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरचे गुन्हे, संपत्ती आणि शिक्षण शपथपत्रात जाहीर करावे लागते. ते शपथपत्र मोबाईलवर वाचता येते. लग्नाचे स्थळ आले तर सात गावांत चौकशी करणारे आपण, या कागदाची चार पाने वाचत नाही. आणि निकाह आयुष्यभराचा असतो, हा करार तर अवघ्या पाच वर्षांचा आहे.

बायकांची मते नवऱ्याने ठरवू नयेत. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली होती, कारण 'अमक्याची बायको, तमक्याची मुलगी' यापलीकडे त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नव्हते. आज त्यांची नावे यादीत आहेत, पण बोट अजून दुसऱ्याच्या मर्जीने उठते. रेशनची रांग, नळाची वेळ, अंगणवाडीतला खाऊ हे सगळे घरातल्या बाईला पुरुषापेक्षा जास्त ठाऊक असते. तिची साक्ष तिलाच देऊ द्या.

आणि हे सगळे करायचे तर यादीत नाव हवे. मतदानाच्या दिवशी एखादी म्हातारी काठी टेकत येते, जुने ओळखपत्र पुढे करते, आणि तिचे नाव यादीत सापडत नाही. घर बदलले तेव्हा मुलांनी नमुना ८ भरलेला नसतो. ती आमच्याकडे अशी पाहते, जणू आम्हीच तिला घराबाहेर काढले. २०२५ मध्ये बिहारमध्ये यादीच्या फेरतपासणीनंतर मसुदा यादीत सुमारे ६५ लाख नावे राहिली नव्हती, हे साऱ्या देशाने वाचले. तरीही आपल्यातले किती जण स्वतःचे नाव निवडणुकीच्या आधी तपासतात? अठरा पूर्ण झालेल्या मुला-मुलीचा नमुना ६ भरायला पंधरा मिनिटे लागतात. जुम्म्याच्या नमाजनंतर मस्जिदीबाहेर एक टेबल मांडून बसलेले दोन तरुण जे काम करतील, ते दहा जोशिली भाषणे करणार नाहीत.

उमेदवार अपूर्ण आहेत, हे आम्हाला मान्य आहे. पण मतदार म्हणून आपण तरी कोठे पूर्ण आहोत? आपण ३४ गुणांचे मतदार, आणि आपल्याला शंभर गुणांचा प्रतिनिधी हवा! आधी आपली गुणपत्रिका सुधारू. यादीत नाव, खिशात पाकीट नाही, शपथपत्र वाचलेले, आणि सकाळी सातला रांगेत हजर. एवढे केले तरी आपण पास होऊ. मग पाच वर्षे त्याच्या दारात उभे राहून हिशेब मागण्याचा हक्क आपला.

पुढच्या निवडणुकीत शाईची बाटली घेऊन आम्ही केंद्रावर बसलेलेच असू. टपरीवरच्या त्या दोस्ताने त्या दिवशी बिर्याणी जरूर खावी. फक्त बोटाला शाई लावून मग जेवायला बसावे.