विस्मृतीचें स्वस्त सोंग

कुमारांच्या विज्ञानकथांना पोरखेळ ठरवून नाक मुरडणाऱ्यांत आम्ही नाहीं. आमची तक्रार उलट आहे. त्यांतील पुष्कळ कथा आपलाच विषय पुरेशा गांभीर्यानें घेत नाहींत. जेम्स डॅशनर यांच्या 'द मेझ रनर' (२००९) या कादंबरीच्या नायकाला नांवाखेरीज स्वतःविषयीं कांहीं आठवत नाहीं. तरी त्याचें धैर्य, जिज्ञासा सारें जागच्या जागीं! स्मृति म्हणजे जणूं अंगरखा. उतरला तरी माणूस तोच.

हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणावर १९५३ सालीं मेंदूची शस्त्रक्रिया झाली. बाळपण आठवत राहिलें, पण नवा अनुभव मनांत ठरेना. वर्षानुवर्षें त्याला तपासणाऱ्या ब्रेंडा मिल्नरबाई प्रत्येक भेटींत त्याला परक्याच. स्वभाव मात्र सौम्य राहिला, असें प्रतिपक्ष म्हणेल. राहिला खरा, पण २००८ सालीं मरेपर्यंत, पंचावन्न वर्षें, त्या स्वभावाला अनुभवाची भर किती पडली?

लॉइस लॉरी यांच्या 'द गिव्हर'मध्यें (१९९३) मात्र ही किंमत मोजलेली आहे. तेथें सर्व समाजाच्या आठवणी एकाच वृद्धाच्या माथीं मारल्या आहेत. दुःखाबरोबर निवडीचें स्वातंत्र्यहि गेलें आहे.

मुलांना एवढें जड कशाला, असें पालक विचारतील. ज्या घरांत आजोबा नातवाचेंच नांव विसरले आहेत, त्या घरांतील मुलांना हें कोणी विचारलें होतें काय?