जोडीदार की वारस?

अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षी दोन्ही पक्षांचे उमेदवार जवळजवळ निश्चित झाले, की तेथील वृत्तपत्रांना आणि राजकीय पंडितांना एक नवा उद्योग मिळतो. उपाध्यक्षपदाची माळ कोणाच्या गळ्यात पडणार, याविषयीचे तर्क सुरू होतात. कोणता गव्हर्नर उमेदवाराच्या निवासस्थानी जाऊन आला, कोणत्या सिनेटरच्या भाषणाचा सूर अचानक मवाळ झाला, यावरून अंदाज बांधले जातात. २०२४ साली हेच घडले आणि २०२८ साली ते पुन्हा घडेल, यात शंका नाही. या तर्कवितर्कांत करमणूक पुष्कळ असते. परंतु जो प्रश्न सर्वप्रथम विचारावयास हवा, तो मात्र सहसा शेवटी विचारला जातो. उद्या अध्यक्षाचे काही बरेवाईट झाले, तर ही व्यक्ती देशाचा कारभार पाहण्यास समर्थ आहे काय, हा तो प्रश्न होय.

२०२४ मध्ये तर परिस्थितीनेच हा प्रश्न समोर आणून उभा केला होता. १३ जुलै रोजी पेनसिल्व्हेनियातील बटलर येथे डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला आणि गोळी कानाला चाटून गेली. दोनच दिवसांनी, मिल्वॉकी येथील पक्षाच्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी, त्यांनी जे. डी. व्हान्स यांचे नाव जाहीर केले. व्हान्स यांची सिनेटमधील कारकीर्द तोवर दोन वर्षांचीही झालेली नव्हती. तरीही कारखानदारी असलेल्या राज्यांतील कामगारवर्गाची मते ते खेचतील काय, यावरच अधिक चर्चा झाली. दुसऱ्या बाजूला जो बायडेन यांनी २१ जुलैला माघार घेतली आणि कमला हॅरिस यांनी ६ ऑगस्टला टिम वॉल्झ यांची निवड केली. म्हणजे सारी पारख पंधरवड्याच्या आसपास उरकली. तेथेही पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शपिरो यांना घेतले तर ते राज्य पदरात पडेल काय, याच हिशेबाने बरीच जागा व्यापली होती.

वास्तविक या पदाला घटनेने अधिकार फारसे दिलेले नाहीत. सिनेटचे अध्यक्षस्थान भूषवावे आणि समसमान मते पडल्यास निर्णायक मत द्यावे, एवढेच काम. पहिले उपाध्यक्ष जॉन ॲडम्स यांनीच या पदाच्या क्षुद्रतेविषयी वैतागून लिहून ठेवले आहे. मूळ घटनेप्रमाणे अध्यक्षपदाच्या निवडणुकीत दुसऱ्या क्रमांकाची मते मिळविणारा उपाध्यक्ष होत असे. त्यामुळे १७९६ साली ॲडम्स यांच्या शेजारी त्यांचेच प्रतिस्पर्धी जेफर्सन येऊन बसले. १८०० साली जेफर्सन आणि ॲरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली आणि प्रतिनिधिगृहाला तब्बल ३६ वेळा मतदान घेऊन तिढा सोडवावा लागला. १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने दोन्ही पदांसाठी स्वतंत्र मतदानाची तरतूद केली. तिढा सुटला, पण एक नवे वैगुण्य निर्माण झाले. पुढे पक्षपद्धती दृढ झाल्यावर मतदार जोडीलाच मत देऊ लागला, आणि जोडीतील दुसऱ्या व्यक्तीचा वेगळा विचार करण्याचे त्याला कारण उरले नाही.

हे वैगुण्य किती गंभीर आहे, ते इतिहास सांगतो. आठ अध्यक्ष पदावर असताना मरण पावले. त्यांपैकी चौघांची हत्या झाली. नववे निक्सन यांनी १९७४ मध्ये राजीनामा दिला. व्हान्स हे पन्नासावे उपाध्यक्ष. त्यांच्या आधीच्या एकोणपन्नास जणांपैकी नऊ जण अशा प्रकारे मधूनच अध्यक्ष झाले. सरासरी पाचांत एक, ही शक्यता दुर्लक्षिण्याजोगी खचित नव्हे.

तथापि राजकारणी मंडळींनी या पदाचा उपयोग बहुधा सोय म्हणूनच केला. १९०० साली न्यूयॉर्कचे गव्हर्नर थिओडोर रूझवेल्ट हे तेथील पक्षधुरीण थॉमस प्लॅट यांना डोईजड झाले होते. त्यांना उपाध्यक्षपदाच्या अडगळीत टाकावे, असा बेत झाला. मार्क हॅना यांनी धोक्याचा इशारा दिला, तो कोणी ऐकला नाही. सप्टेंबर १९०१ मध्ये मॅकिन्ली यांची हत्या झाली आणि अडगळीत टाकलेला माणूस व्हाइट हाऊसमध्ये आला. १९४४ साली फ्रँकलिन रूझवेल्ट यांची प्रकृती ढासळलेली होती, हे पक्षनेत्यांना दिसत होते. म्हणूनच त्यांनी हेन्री वॉलेस यांना दूर सारून हॅरी ट्रूमन यांना पुढे आणले. येथे निदान वारसाचा विचार झाला होता. पण पुढचे पाऊल कोणी टाकले नाही. ट्रूमन ८२ दिवस उपाध्यक्ष होते आणि त्या अवधीत त्यांना विश्वासात घेण्याची आवश्यकता कोणाला वाटली नाही. अणुबाँबच्या योजनेची खरी माहिती त्यांना मिळाली ती अध्यक्षपदाची शपथ घेतल्यानंतर! पुढच्या चार महिन्यांच्या आत हिरोशिमावर तो बाँब पडला होता.

मतांचा हिशेब अगदीच निरर्थक असतो, असे नव्हे. १९६० मध्ये केनेडी यांनी टेक्सासच्या लिंडन जॉन्सन यांना घेतले आणि चुरशीच्या लढतीत टेक्सास त्यांच्या बाजूने राहिले. परंतु हे गणित नेहमी सुटत नाही. २००४ मध्ये जॉन केरी यांनी घेतलेले जॉन एडवर्ड्स यांना स्वतःचे नॉर्थ कॅरोलायना जिंकून देता आले नाही. २०१२ मध्ये पॉल रायन यांना विस्कॉन्सिन जिंकून देता आले नाही. शिवाय जॉन्सन यांच्या निवडीचे खरे फळ टेक्सासची मते हे नव्हेच. केनेडींच्या हत्येनंतर त्यांनी १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा काँग्रेसकडून संमत करून घेतला, आणि व्हिएतनामच्या युद्धात देशाला खोल नेले तेही त्यांनीच. १९६५ च्या ज्या स्थलांतर कायद्यामुळे भारतीय डॉक्टर आणि इंजिनीअर यांना अमेरिकेची दारे उघडली, त्यावर स्वाक्षरी जॉन्सन यांचीच आहे. पुण्या-मुंबईतील कितीतरी घरांतील मुले पुढे ज्या वाटेने गेली, ती वाट अशी त्या निवडीच्या परिणामांशी जोडलेली आहे.

घाईचे परिणामही अमेरिकेने भोगले आहेत. १९७२ साली जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी निवडलेले टॉमस ईगल्टन यांच्यावर पूर्वी मानसिक विकारासाठी उपचार झाल्याचे निवडीनंतर उघड झाले आणि अठरा दिवसांत त्यांना बाजूला व्हावे लागले. त्याहून मोठा धडा निक्सन यांच्या निवडीने दिला. १९६८ साली त्यांनी स्पायरो ॲग्न्यू यांना घेतले. लाचखोरीच्या आरोपांनी घेरलेल्या ॲग्न्यू यांना प्राप्तिकर चुकविल्याच्या खटल्यात ऑक्टोबर १९७३ मध्ये पद सोडावे लागले. मग पंचविसाव्या घटनादुरुस्तीनुसार जेराल्ड फोर्ड यांची नेमणूक झाली आणि निक्सन गेल्यावर तेच अध्यक्ष झाले. ज्याला राष्ट्राने ना अध्यक्ष म्हणून निवडले होते ना उपाध्यक्ष म्हणून, असा गृहस्थ सर्वोच्च पदावर बसला. फोर्ड सरळ वृत्तीचे निघाले, हे देशाचे सुदैव. व्यवस्थेचे ते श्रेय नव्हे.

जिमी कार्टर यांनी १९७६ मध्ये इच्छुकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या आणि निवडून आल्यावर वॉल्टर माँडेल यांना व्हाइट हाऊसमध्ये कार्यालय देऊन कारभारात सहभागी केले. तेव्हापासून पदाचे वजन वाढले. निवडीचा मार्ग मात्र बंद दाराआडचाच राहिला. २००० साली धाकट्या बुश यांच्यासाठी योग्य व्यक्ती शोधण्याची जबाबदारी डिक चेनी यांच्यावर होती, आणि शोधाअंती ती व्यक्ती चेनीच ठरली! २०१६ मध्ये माइक पेन्स यांना घेण्यामागे धार्मिक वृत्तीच्या मतदारांना आश्वस्त करण्याचा हेतू प्रमुख होता. ६ जानेवारी २०२१ रोजी राज्यांकडून आलेल्या मतांची मोजणी त्यांच्या अध्यक्षतेखाली व्हावयाची होती. अध्यक्षांचा दबाव असतानाही ती मते नाकारण्यास पेन्स यांनी नकार दिला. क्षुद्र समजल्या गेलेल्या पदावरील व्यक्तीच्या विवेकावर त्या दिवशी बरेच काही अवलंबून होते. त्या विवेकाची परीक्षा घेऊन मात्र कोणी त्यांना निवडले नव्हते.

भारतातील व्यवस्था वेगळी आहे. उपराष्ट्रपती संसद सदस्य निवडतात, आणि राष्ट्रपतींचे निधन झाल्यास सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घ्यावी लागते. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी आणि १९७७ मध्ये बी. डी. जत्ती यांनी तेवढ्यापुरताच कार्यभार पाहिला. जेथे खरी सत्ता असते, त्या पंतप्रधानपदाचा वारस १९६६ मध्ये सत्तारूढ पक्षाच्या खासदारांनी मतदान करून ठरविला. १९८४ मध्ये मात्र शपथविधी आधी झाला आणि खासदारांची संमती मागाहून आली. तेव्हा आपणही फार बढाई मारू नये.

अमेरिकेला यासाठी घटना बदलण्याची गरज नाही. उमेदवाराने आपल्या जोडीदाराचे नाव अधिवेशनापूर्वी काही आठवडे जाहीर करावे. वृत्तपत्रांना आणि पक्षाच्या प्रतिनिधींना त्याची उलटतपासणी करण्यास अवधी मिळावा. आणि अधिवेशनाने केवळ टाळ्या वाजविण्याऐवजी खरोखरच संमती द्यावी किंवा नाकारावी. एवढे केले तरी पुष्कळ साधेल. निवडणूक जिंकून देणारा जोडीदार शोधण्याचा मोह उमेदवाराला होणारच. पण त्याची गरज नोव्हेंबरातील एका दिवसापुरती असते. देशाला मात्र त्या निवडीसह चार वर्षे काढावयाची असतात. जोडीदार म्हणून ज्याला निवडले जाते तो वारसही असतो, याची आठवण उमेदवाराला करून देण्याचे काम शेवटी मतदारालाच करावे लागेल.