आजीचे माहेर वंशावळीत का नसते?

२०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातील जुन्या मोडी-उर्दू दफ्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू केला आणि आपल्या जालना जिल्ह्यात अनेक घरांतून वंशावळी काढल्या जाऊ लागल्या. खापरपणजोबांपर्यंत लोक पोहोचले. आरक्षणाच्या वादात मला येथे शिरायचे नाही. त्या वंशावळींत जे नाही, त्याविषयी हा धागा. 🧵

परतूरकरांची अडचण आधी सांगतो. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला; त्यापूर्वी परतूर परभणीत होते. १९४८ पूर्वी निजामाचे राज्य, म्हणजे कागद उर्दूत, आणि घरातली जुनी बाडे मोडीत. एकाच घराण्याचा माग काढताना दोन लिप्या आणि दोन जिल्हे धुंडाळावे लागतात.

त्यात आडनावांचा घोळ. देशमुख, कुलकर्णी, पाटील ही मुळात वतनांची नावे. समर्थ रामदासांचे जांब परतूरपासून फार दूर नाही. त्यांचे घराणे ठोसरांचे, गावचे कुलकर्णीपण त्यांच्याकडे. अशा घरांतील एक शाखा मूळ आडनाव लावते, दुसरी वतनाचे, तिसरी गावाला ‘कर’ जोडून मोकळी होते. तीन पिढ्यांनी सख्ख्या भावांचे वंशज एकमेकांना परके!

कॅनडातील फ्रेंच वसाहतीतही असेच घडले. तेथे आडनावापुढे ‘दी’, म्हणजे ‘ऊर्फ’, लावून दुसरे नाव जोडत. मिव्हिल दी देशेन हे त्यातलेच. पुढे काही वंशज मिव्हिल राहिले, काही नुसते देशेन झाले. सैनिकांची टोपणनावेही अशीच आडनावे बनली.

नातवाला आजोबांचे नाव देण्याची आपली रीत मात्र संशोधकाला उपकारक. बाळाजी विश्वनाथ, त्यांचे पुत्र बाजीराव, त्यांचे पुत्र बाळाजी बाजीराव. एक पिढी गाळून नाव परतते. कागद फाटलेला असला तरी गाळलेला दुवा बहुधा ताडता येतो. (एकाच नावाचे चार चुलतभाऊ निघाले, की हाच उपकार डोकेदुखी होतो, ते निराळे.)

हे सारे पुरुषांपुरते. क्वेबेकच्या चर्चमधील नोंदवह्यांत विवाहित स्त्री जन्माच्या आडनावाने नोंदली जाई, म्हणून तेथे आईच्या आईची आईही सापडते. १९८१ पासून तर तेथील कायद्यानेच विवाहानंतर जन्मनाव कायम राहते. योगायोग पाहा, तेच आपल्या जिल्ह्याचे जन्मवर्ष.

आपल्याकडे ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले की नाव आणि आडनाव दोन्ही पुसले. जिजाबाई सिंदखेडच्या जाधवांच्या, हे आपण जाणतो. कारण त्या जिजाबाई आहेत. समर्थांच्या मातोश्री राणूबाई हे नाव ठाऊक असते, त्यांचे माहेर किती जणांना सांगता येईल? जातपडताळणीची वंशावळही पित्याच्याच बाजूने चढते.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात शासनाने आईचे नाव आवश्यक केले, हे योग्यच झाले. परंतु त्यात तिचे माहेर येत नाही. शिवाय मागच्या पिढ्यांना त्याचा उपयोग नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: प्रत्येक स्त्रीचे जन्मनाव, वडिलांचे नाव आणि माहेरचे गाव या तीन गोष्टींवाचून वंशावळ अपुरी मानावी. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थपुरोहितांच्या वह्या उघडाल, तेव्हा आजीच्या माहेरच्या गावाचीही नोंद मागा. त्याआधी आजीलाच विचारा. माझ्या आजीला तिचे पहिले नाव विचारले, तेव्हा ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, “गोदा.” घरात हे कोणालाच माहीत नव्हते.