मीठ मानवणारे जंतू आणि रंगारी

सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग चढवायचा तर मीठ आणि सोडा लागतोच. गडद रंगाला मीठ लिटरमागे ५० ग्रॅम, कधी त्याहून जास्त. हे सारे सांडपाण्यात जाते आणि शुद्धीकरणाचे साधे जंतू तिथे दम तोडतात. लोणार सरोवराचे पाणीही असेच खारट, सोड्याचे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने ही करामत मिठातच वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची असल्याचे सांगितले. मीठ मानवणारे काही जंतू कपड्याचा रंग फोडतात, हे प्रयोगशाळांत दिसले आहे. मीठ मात्र ते खात नाहीत. त्याचा बंदोबस्त वेगळाच करावा लागेल. तरी रंगाऱ्याला टाळे ठोकण्याआधी सरकारने एखाद्या सामायिक केंद्रात हे जंतू आजमावावेत, असे आमचे म्हणणे आहे. खर्चाचा वाटा आम्ही व्यापाऱ्यांनीही उचलावा.