बोटीवरची शेगडी, बॉस!

लंडनमध्ये नोकरी लागली की पहिला शॉक बसतो घरभाड्याचा. मग कुणीतरी आयडिया देतं, ‘कालव्यावर बोट घे ना!’ जेमतेम सात फूट रुंदीची नॅरोबोट, आत बेड, टॉयलेट, किचन, सगळं. कायमचा बर्थ नसेल तर साधारण दर 14 दिवसांनी मुक्काम हलवायचा. ऐकायला सॉलिड रोमँटिक! पण सकाळचे पोहे कशावर करणार?

पहिला ऑप्शन अर्थातच गॅस. हात बसलेला, फुलकाही टम्म फुगतो. गोची एकच, एलपीजी हवेपेक्षा जड असतो. घरात गळती झाली तर आपण दारं-खिडक्या उघडतो. बोटीत मात्र तो तळाशी साचतो, बादलीत पाणी साचावं तसा. मग एक ठिणगी पुरते. म्हणून सिलिंडर वेगळ्या बंद कप्प्यात हवा आणि त्या कप्प्याच्या तळाशी थेट बाहेर उघडणारं भोक हवं. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी शेगडीच घ्या. सिलिंडर प्रोपेनचा घ्या, कारण थंडीत पारा शून्यावर आला की ब्युटेन संपावर जातो.

इंडक्शन? दिसायला एकदम कूल, ज्वाळेची भानगड नाही. पण 2000 वॅटची शेगडी 12 व्होल्टच्या बॅटरीतून 160 अँपिअरहून जास्त करंट ओढते. डिसेंबरातल्या लंडनच्या उन्हावर सोलर पॅनल किती चार्ज करणार? मोठी लिथियम बॅटरी आणि दणकट इन्व्हर्टर परवडत असेल तरच या वाटेला जा. आणि हो, आईनं दिलेली अॅल्युमिनियमची कढई त्यावर चालणार नाही.

रॉकेलचा प्रायमस आठवतो? आजीच्या स्वयंपाकघरातला? मूळचा स्वीडनचा, 1892 सालचा. पंप मारा, पिन घाला, भरभर आवाज ऐका. ऑफिसच्या घाईत कुणाला वेळ आहे? स्पिरिटचा स्टोव्ह सोपा, पण आच मंद आणि दिवसा ज्योत धड दिसतही नाही. डिझेलची शेगडी इंजिनाच्याच टाकीवर चालू शकते, धूरही बाहेर सोडते. फक्त खिसा जड हवा आणि तापेपर्यंत धीर हवा.

आता सीरियस मुद्दा. ज्वाळा कुठलीही असो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. थंडी वाजते म्हणून हवेची भोकं बुजवून शेगडीवर केबिन तापवणं म्हणजे झोपेतच खेळ खल्लास. तिथल्या बोट सेफ्टी स्कीमनं एप्रिल 2019 पासून राहत्या केबिनमध्ये याचा अलार्म सक्तीचा केलाय. बोटीची तपासणी दर चार वर्षांनी होते. सौदा करण्याआधी ते सर्टिफिकेट मागा. मालक टाळाटाळ करत असेल तर सरळ पुढची बोट बघा.

आमचं मत विचाराल, तर नवख्यानं गॅसच घ्यावा, पण बोटींचं काम येणाऱ्या अधिकृत गॅस फिटरकडून बसवून. दोन पैसे तिथे वाचवू नका. पडद्यांचा रंग नंतर ठरवला तरी चालतो!