वडीलधाऱ्यांचा संकोच

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील तरुण माणसे पोटापाण्यासाठी मुंबईस जातात आणि घरे राखावयास वडीलधारी माणसे मागे उरतात, ही गोष्ट आजची नव्हे. नवीन आहे ते इतकेच की, पूर्वी मनिऑर्डरीच्या कुपनावर येणारी ख्यालीखुशाली आता व्हॉट्सॲपवर येते. नातवाने हाती दिलेले यंत्र आजोबा चालवितात. पण नाखुशीने चालवितात. या नाखुशीची घरोघरी चेष्टा होते. ती चेष्टा आम्हांस अन्यायाची वाटते.

हा संकोच म्हणजे केवळ अज्ञान नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांस ठार मारले. अशा अफवांस मोबाइलनेच पाय फुटले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी धाडण्यावर मर्यादा घातली. पोलिस असल्याची बतावणी करून ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालणारे भामटे तर आज वृद्धांची आयुष्यभराची पुंजी लुबाडीत आहेत. अशा बाजारात जो बिचकत पाऊल टाकतो, त्यास मागासलेला कोणत्या तोंडाने म्हणावयाचे?

तथापि, संकोचाचे कौतुक करून भागणार नाही. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले, तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक जीव गेले आणि पोलादपूर तालुक्यातही साखर-सुतारवाडी व केवनाळे येथे दरडींनी बळी घेतले. डोंगराच्या कुशीतील या मुलुखात वेळेवर मिळालेला इशारा म्हणजे जीवदान होय. तो इशारा आज प्रथम मोबाइलवर येतो. त्यास पाठ फिरविणे वृद्धांस परवडणारे नाही. परंतु त्याच पुरात वीज गेली आणि दूरध्वनी मुके झाले, हेही विसरता कामा नये.

म्हणूनच समाजमाध्यमावर संदेश टाकला की कर्तव्य संपले, असे प्रशासनाने मानू नये. भोंगा, ध्वनिक्षेपक, ग्रामपंचायतीचा फळा आणि दारोदार सांगत जाणारा कोतवाल यांची गरज संपलेली नाही. आणि गणपतीस वा शिमग्यास गावी येणाऱ्या चाकरमान्यांनी यंत्र हाती ठेवून परतू नये. घटकाभर शेजारी बसून मोजक्याच गोष्टी शिकवाव्यात : मुलाबाळांशी बोलावे कसे, ओटीपी कोणासही का देऊ नये, आणि फसवणूक होताच १९३० या क्रमांकावर तक्रार कशी करावी.

ज्यांनी बोट धरून आपणांस पहिले अक्षर गिरविण्यास शिकविले, त्यांचे बोट आता आपण धरावयाचे आहे. ते धरताना हसू नये, एवढीच आमची विनंती आहे.