आधी क्षेपणास्त्र, मग चौकशी

अमली पदार्थ विकणाऱ्याला 'दहशतवादी' म्हटले की सरकारचे काम सोपे होते. वॉरंट नको, पंचनामा नको, न्यायाधीश तर नकोच. फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेने तस्करांच्या आठ टोळ्यांवर हा शिक्का मारला. 2 सप्टेंबरला कॅरिबियन समुद्रात एका बोटीवर लष्करी हल्ला झाला, अकरा माणसे मेली. पहिल्या माऱ्यातून वाचलेल्यांवर दुसरा मारा केला गेला. बोटीत अमली पदार्थ होते म्हणे. पुरावा? तो बोटीबरोबर बुडाला. ऑक्टोबरमध्ये अशाच एका हल्ल्यातून दोघे जिवंत हाती लागले. त्यांना मायदेशी धाडले, तर इक्वेडोरने आपल्या माणसाला पुराव्याअभावी सोडून दिले. मेला असता तर दहशतवादी, वाचला म्हणून घरी गेला!

विष विकणाऱ्यांची कसली दयामाया, असे कोणी म्हणेल. मी मास्तर आहे. शाळेच्या भिंतीमागे रुमालावर व्हाइटनर ओतून हुंगणारी पोरे मी पाहिली आहेत. संताप मलाही येतो. पण लष्कराने हा धंदा मोडतो का, ते मेक्सिकोला विचारा.

डिसेंबर 2006 मध्ये राष्ट्राध्यक्ष फेलिपे काल्देरोन यांनी मिचोआकान प्रांतात हजारो सैनिक उतरवले. म्होरक्या टिपा, टोळी मोडेल, हा हिशेब. 2009 साली नौसैनिकांनी आर्तुरो बेल्ट्रान लेव्हाला ठार केले. टोळी मोडली खरी, पण तिच्या तुकड्यांतून नव्या टोळ्या निघाल्या. ग्वेरेरोस उनिदोस त्यांतलीच एक. 26 सप्टेंबर 2014 च्या रात्री इग्वाला शहरात पोलिसांनी आयोत्सिनापाच्या अध्यापक विद्यालयाचे विद्यार्थी पकडून याच टोळीच्या हवाली केले. 43 पोरे. खेड्यापाड्यांत शिकवायला निघालेली, माझ्याच पेशाची. त्याच शहरात लष्कराची बटालियन होती. आजवर फक्त तिघांच्या अवशेषांची ओळख पटली आहे. बाकीच्यांचे आईबाप अजून विचारत फिरतात. आणि 'सेटास' या क्रूर टोळीचे पहिले लोक कोण? लष्कराच्या खास पथकातून पळालेले जवान. प्रशिक्षण सरकारी खर्चाने, नोकरी तस्कराकडे!

आता ज्या फेंटानिलच्या नावाने हे सारे चालले आहे, ते व्हेनेझुएलाच्या बोटींतून येत नाही. मुख्यतः ते मेक्सिकोच्या सीमेवरील अधिकृत नाक्यांवरून, मोटारींत लपवून येते आणि पकडल्या जाणाऱ्यांत बहुतेक अमेरिकेचेच नागरिक असतात. त्यांच्यावर कोणी क्षेपणास्त्र सोडत नाही. तिथे गाडी थांबवतात, झडती घेतात, वकील देतात आणि कोर्टात उभे करतात.